ऑनलाइन ‘कंपनी काढून देतो’ पॅकेज: दीड वर्ष वापरल्यानंतरचा माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगते. कंपनी रजिस्टर करून देण्याच्या कामाला ५ पैकी ४ आणि त्यानंतरच्या कंप्लायन्सच्या, म्हणजे दरवर्षीचे सरकारी फॉर्म भरायच्या, कामाला ५ पैकी १. दोन्ही एकाच वेबसाइटचं, एकाच पॅकेजमध्ये विकलेलं. नाव लिहीत नाही कारण अशा पॅकेजच्या जाहिराती सगळीकडे साधारण सारख्याच दिसतात, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही पॅकेजचे पैसे भरण्याआधी कामाला येईल.

आमचं काम सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं. बेदाण्याचे बॉक्स हे मुख्य, सीझन नसला की मशीन पार्टवाल्यांचे. मी आणि माझे दीर, दोघांची भागीदारी फर्म, उलाढाल साडेतीन कोटींच्या घरात. २०२२ च्या सुरुवातीला एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं की पुढच्या सीझनपासून आम्ही माल फक्त कंपन्यांकडूनच घेणार, तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, काढूया प्रायव्हेट लिमिटेड, आज ना उद्या करायचीच आहे." मोबाइलवर जाहिरात दिसली, ६,९९९ मध्ये कंपनी, फॉर्म भरला आणि दहा मिनिटांत फोन आला.

आधी चांगलं सांगते. रजिस्ट्रेशन खरंच फास्ट झालं. पहिलं नाव रिजेक्ट झालं, दुसरं पास झालं, आणि ९ मे २०२२ ला सर्टिफिकेट हातात. पॅन, टॅन (टीडीएससाठीचा नंबर) त्याच्यासोबतच आले, पीएफ, ईएसआय, प्रोफेशन टॅक्स यांचे नंबरही त्याच अर्जातून, बँकेचा खातं उघडल्याचा मेल पण. फर्म काढली तेव्हा पॅनसाठी वेगळं, बँकेसाठी वेगळं, प्रोफेशन टॅक्ससाठी वेगळं असं फिरले होते मी, त्यामुळे मला हे फार मोठं वाटलं आणि मी तेव्हा त्यांना फाइव्ह स्टार देऊन पण टाकले. नंतर कळलं की यातली बरीचशी कमाल स्पाइस प्लस या सरकारी फॉर्मची आहे जो फेब्रुवारी २०२० मध्ये आला, नाव घेण्यापासून बँक खात्यापर्यंत सगळं एकाच अर्जात. पण कागद नीट भरले, लाइटबिल आणि जागामालकाचं एनओसी दोनदा तपासून घेतलं, हे श्रेय त्यांचंच.

आता बिल. ६,९९९ चं शेवटी १५ हजारांच्या वर गेलं. डिजिटल सिग्नेचरचे पैसे वेगळे, ते समजू शकते. पण ‘गव्हर्नमेंट फी’ म्हणून ४,००० लावले होते, मी चलान मागितलं, तीन मेलनंतर मिळालं, तर त्यात केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची रजिस्ट्रेशन फी शून्य. मार्च २०१९ पासून १५ लाखांपर्यंत अधिकृत भांडवल (म्हणजे जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील ती मर्यादा) असलेल्या कंपनीला ती फी माफ आहे आणि आमचं १० लाख होतं. चलानावर राज्याची स्टॅम्प ड्युटी आणि पॅन-टॅनचे पैसे एवढंच, आणि तेवढं ४,००० होत नव्हतं. विचारल्यावर म्हणाले उरलेले आमचे प्रोसेसिंग चार्जेस. मग तसं लिहा ना.

शिवाय १,५०० चं ‘स्टार्टर किट’ घ्यायला लावलं, त्यात रबर स्टॅम्प, लेटरहेड, शेअर सर्टिफिकेटचे कोरे कागद आणि लोखंडी दांड्याचं कॉमन सील (कंपनीचा शिक्का), ते दाबून कागदावर उठवायचं असतं ना तसलं. फोनवरची मुलगी म्हणाली की मॅडम हे कायद्याने कंपलसरी आहे. २९ मे २०१५ पासून कॉमन सील ऐच्छिक आहे! आणि कायद्याच्या त्याच दुरुस्तीत प्रायव्हेट कंपनीसाठी किमान १ लाख भांडवलाची अट पण निघाली, तरी त्यांच्या वेबसाइटवर आणि त्या मुलीच्या तोंडी ‘मिनिमम एक लाख भरावेच लागतात’ हे होतंच. आम्हाला एक लाख ठेवायचेच होते म्हणून फरक पडला नाही, पण दहा हजारांत कंपनी काढणाऱ्या एखाद्या मुलाने हे ऐकून पैशासाठी चार महिने वाट बघितली असेल तर?

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे सगळं कळलं ते २८ ऑक्टोबर २०२२ ला. दिवाळी नुकतीच संपली होती, फराळाचा डबा घेऊन एका ओळखीच्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमकडे गेले होते, सांगलीतच प्रॅक्टिस करतात, काम काहीच नव्हतं, सहज म्हणून सांगितलं की मेमध्ये कंपनी काढली. त्यांनी विचारलं, "ताई, वीस-ए भरलात ना?" मी म्हटलं ते काय असतं. त्यांनी सर्टिफिकेटचा फोटो मागितला, टेबलावरच्या कॅलेंडरची पानं उलटत बोटाने दिवस मोजले आणि म्हणाल्या आठ दिवस राहिलेत.

आयएनसी-२०ए म्हणजे कंपनीने धंदा सुरू करण्याआधी द्यायचं डिक्लेरेशन, की ज्यांनी ज्यांनी शेअर घ्यायचं कबूल केलं होतं त्यांनी पैसे खरंच भरलेत. रजिस्ट्रेशनपासून १८० दिवसांत. ते भरल्याशिवाय कंपनीने धंदाही सुरू करायचा नाही आणि कर्जही काढायचं नाही. चुकलं तर कंपनीला ५० हजार दंड आणि डायरेक्टरला दिवसाला १,००० असं एक लाखापर्यंत, आणि कंपनी चालूच नाही असं कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला वाटलं तर रजिस्टरमधून नाव काढायची कारवाई पण होऊ शकते. छोट्या कंपनीला दंड निम्मा आहे, पण निम्मा म्हणजे २५ हजार, आणि आमच्यासारख्याला ते थोडे नाहीत.

मॅडमनी मला यामागची गोष्ट पण सांगितली आणि तीच मला सगळ्यात उपयोगी वाटली. १९५६ चा कंपनी कायदा जाऊन २०१३ चा आला, ६५८ कलमांच्या जागी ४७०, तेव्हा त्यात अशा डिक्लेरेशनची अट होती. मग धंदा सोपा करायचा म्हणून २०१५ मध्ये ती काढून टाकली. मग नुसत्या कागदावरच्या कंपन्यांचा प्रश्न समोर आला, २०१७ मध्ये दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून काढल्या, आणि नोव्हेंबर २०१८ च्या अध्यादेशाने ती अट १०ए कलम म्हणून परत आली. म्हणजे २०१६ मध्ये कंपनी काढलेल्या माणसाला विचारलं तर तो शपथेवर सांगेल की असलं काही नसतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही आहे. मला पॅकेज विकणाऱ्यांची चेकलिस्ट अशीच कुठल्यातरी वर्षात अडकलेली होती, सील आणि एक लाखाची अट २०१५ च्या आधीची आणि बाकी यादी २०१५ ते २०१८ च्या मधली.

ते आठ दिवस. आमचं बँक खातं उघडलेलं होतं पण त्यात एक रुपया नव्हता, जुन्या फर्मच्या खात्यावरच सगळा व्यवहार चालू होता. ५०-५० हजार दोघांनी भरायचे होते ते भरलेच नव्हते, कारण भरा असं कुणी सांगितलंच नाही. सोमवारी सकाळी बँकेत गेलो तर खात्याची केवायसी अर्धवट. बुधवारी खातं चालू झालं, माझे माझ्या खात्यातून, भाऊजींचे त्यांच्या खात्यातून असे पैसे टाकले, स्टेटमेंट काढलं. आणि मग मॅडमनी डिजिटल सिग्नेचरचं टोकन मागितलं, ते पेन ड्राइव्हसारखं असतं ते. ते आमच्याकडे नव्हतंच! सर्व्हिसवाल्यांनी ‘सुरक्षित राहावं म्हणून’ दोघांची टोकनं स्वतःकडे ठेवली होती, दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात. माझी सही, पासवर्डसकट, ज्यांना मी कधी बघितलेलंही नाही अशा लोकांकडे सहा महिने पडून होती. मला याचा अर्थ त्या दिवशी समजला आणि अंगावर काटा आला. फोन केला तर आमचं काम बघणारा मुलगा सोडून गेलेला, नवीन मुलगी म्हणाली टीम प्रोसेस करतेय. भाऊजींनी त्यांना जरा आवाज चढवून सांगितलं तेव्हा कुरिअर निघालं. शुक्रवारी दुपारी पाकीट आलं, संध्याकाळी फॉर्म गेला, शनिवारी १८० वा दिवस होता. तोवर कंपनीच्या नावाने एकही बिल फाडलेलं नव्हतं म्हणून निभावलं.

टोकन कुणाकडेही ठेवू नका. अगदी ओळखीच्या सीएकडे पण नाही, सही करायच्या वेळी घेऊन जा आणि परत आणा.

एवढं झाल्यावर सर्व्हिस तेव्हाच सोडायला हवी होती पण वर्षभराच्या कंप्लायन्सचे ११,००० आगाऊ भरलेले होते, परत देणार नाही म्हणाले, म्हणून राहू दिलं. ती चूक ५,६०० रुपयांना पडली, हिशोब सांगते. आमची एजीएम म्हणजे वार्षिक सभा ३० सप्टेंबर २०२३ ला झाली. ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४ त्यानंतर ३० दिवसांत आणि वार्षिक रिटर्न ६० दिवसांत जायला हवं. दोन्ही गेले १२ डिसेंबरला, एक ४३ दिवस उशिरा आणि दुसरा १३ दिवस. जुलै २०१८ पासून या दोन्ही फॉर्मना उशीर झाला की दिवसाला १०० रुपये लेट फी आहे, प्रत्येक फॉर्मला वेगळी, आणि तिला वरची मर्यादा नाही, मीटर चालूच राहतं. मॅडमकडे एकजण आला होता म्हणे ज्याने तीन वर्षं काहीच भरलं नव्हतं कारण कंपनीत धंदाच नव्हता. धंदा नसला तरी फॉर्म भरावाच लागतो हे त्याला कुणी बोललं नव्हतं. सर्व्हिसचं उत्तर काय, की तुमच्याकडून सही केलेला ताळेबंद उशिरा आला. ताळेबंद ४ ऑक्टोबरला मेल केलेला आहे, मेल दाखवला, मग उत्तर नाही.

याच काळात अजून एक प्रकार कळला. ते आम्हाला वर्षाला डायरेक्टरांच्या चार बोर्ड मीटिंगची मिनिट्स (इतिवृत्त) बनवून द्यायचे आणि प्रत्येकीचे १,२०० लावायचे. छोट्या कंपनीला दोनच पुरतात, वर्षाच्या दोन अर्ध्यांत एकेक, मध्ये किमान ९० दिवस. छोटी कंपनी हा शब्द मला आधी तोंडी बोलायचा वाटायचा, तर त्याची कायद्यात व्याख्या आहे आणि सगळ्यात जास्त बदल तिथेच झालेत. २०१३ च्या कायद्यात सुरुवातीला ५० लाख भरणा झालेलं भांडवल आणि २ कोटी उलाढाल, एप्रिल २०२१ मध्ये २ कोटी आणि २० कोटी, १५ सप्टेंबर २०२२ पासून ४ आणि ४० कोटी, आणि डिसेंबर २०२५ मध्ये १० आणि १०० कोटी. आमची साडेतीन कोटींची उलाढाल पहिल्या २ कोटींच्या मर्यादेत बसलीच नसती. आता बसते, आणि बसली की चारऐवजी दोन मीटिंग, कॅश फ्लो स्टेटमेंट नको, वार्षिक रिटर्न मोठ्या एमजीटी-७ ऐवजी छोट्या एमजीटी-७ए मध्ये, बऱ्याच चुकांना दंड निम्मा. मध्यंतरी गिऱ्हाइकाने विचारलं होतं तुमचे शेअर डिमॅटमध्ये आहेत का, ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रायव्हेट कंपन्यांसाठी तो नियम आला ना, तर त्यातूनही छोट्या कंपनीला सूट. इतकं सगळं सरकारने सोपं करून ठेवलंय आणि आमच्यासारख्यांना ते पोचत नाही, कारण मधला माणूस जुन्या यादीवरच बिल लावतोय. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, त्या ५,६०० पेक्षा.

सोपं झालं म्हणजे सगळंच सैल झालं असंही नाही, आणि ही बाजू पण त्यांनी सांगितली नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल म्हणजे एडिट लॉग चालू हवा, बंद करता येणार नाही असा, आणि यात छोट्या कंपनीला सूट नाही. आमचे हिशोब लिहिणारे काका वर्षानुवर्षं मार्च एंडला बसून मागच्या नोंदी दुरुस्त करायचे, वाईट हेतूने नाही, चुकून वेगळ्या खात्यात गेलेलं बिल तिकडून काढून इकडे. ऑडिटर साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवलं, एका व्हाउचरखाली चार ओळी, कुणी, कधी, आधीचा आकडा काय आणि नंतरचा काय. काका बराच वेळ बघत राहिले. म्हणाले म्हणजे आता खोडरबर नाही. ऑडिटरला हा लॉग वर्षभर चालू होता का हे रिपोर्टमध्ये लिहावंच लागतं. आमचं नशीब की सॉफ्टवेअर वेळेत अपडेट झालं, ते पण ऑडिटर साहेबांमुळे.

आणि पत्ता. सर्व्हिसवाले वर्षाला ५,००० मध्ये ‘व्हर्च्युअल ऑफिस’ देत होते, शेड भाड्याची आहे तर आमचाच पत्ता वापरा म्हणून. घेतला नाही हे बरं केलं. ऑगस्ट २०२२ च्या नियमानंतर रजिस्ट्रार रजिस्टर्ड ऑफिसची प्रत्यक्ष तपासणी करायची असेल तर दोन स्थानिक साक्षीदार घेऊन येऊ शकतो, फोटो काढून रिपोर्ट करतो. तिथे फक्त एक टेबल आणि चाळीस कंपन्यांच्या नावांचे कागद चिकटवलेले असतील तर काय सांगणार? आमच्या शेडवर तरी बोर्ड होता, पण तो जुन्या फर्मचा! कंपनीचं नाव आणि रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता बाहेर लावलेला पाहिजे आणि तो तिथल्या भाषेतही पाहिजे, हे १२ व्या कलमात आहे. बिलबुक आणि लेटरहेडवर सीआयएन (कंपनीचा नोंदणी नंबर), पत्ता, फोन, ईमेल हवा हेही त्यातच. स्टार्टर किटमधल्या लेटरहेडवर सीआयएन नव्हता, पाचशे पानं छापून पडलीत, मुलांना रफ कामाला देते.

जानेवारी २०२४ पासून सगळं काम सीएस मॅडमकडे दिलं. वर्षाचे १८ हजार, म्हणजे पॅकेजपेक्षा जास्तच, पण त्यात दोनच मीटिंग आहेत, चलान मूळ मिळतं, टोकन माझ्या कपाटात असतं, आणि एप्रिलमध्येच एक कागद देतात ज्यावर आमच्या कंपनीच्या वर्षभराच्या तारखा आणि त्या वर्षी काय बदललं ते लिहिलेलं असतं. एका वर्षी त्या कागदावर फक्त दोन ओळी बदलल्या होत्या, त्यांनी लाल पेनने गोल केलेल्या. मला या कामाकडून एवढंच हवं होतं. त्यांना ५ पैकी साडेचार, अर्धा अशासाठी की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोन लागत नाही, आणि नेमकं तेव्हाच आमचं काम असतं.

मग पॅकेज कुणी घ्यावं? नुसती कंपनी रजिस्टर करून हवी असेल, पुढचं बघायला आपला माणूस असेल, तर घ्या, ते काम चांगलं करतात. वर्षभराचं आगाऊ घेऊ नका. पैसे भरायच्या आधी फोनवर दोन प्रश्न विचारा, आयएनसी-२०ए आमच्या वतीने कोण आणि कधी भरणार, आणि माझी कंपनी छोट्या कंपनीत बसते का. दुसऱ्या प्रश्नावर समोरच्याने तुमचं भांडवल आणि उलाढाल विचारली तर पुढे बोला, ‘येस मॅडम सगळं कव्हर आहे’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. आणि बंद करायची वेळ आली तर काय, हेही आधीच विचारून ठेवा, कारण आमच्या शेजारच्या शेडवाल्याने असंच पॅकेज घेतलं, धंदा सुरूच झाला नाही, आता बंद करायच्या अर्जाची सरकारी फी १० हजार आहे आणि त्याआधी राहिलेले सगळे फॉर्म लेट फीसकट भरावे लागणार आहेत. अर्ज मे २०२३ पासून सी-पेस नावाच्या एकाच सेंटरकडे जातात म्हणून पूर्वीपेक्षा लवकर होतं असं मॅडम म्हणतात. त्याला मी मॅडमचा नंबर दिलाय, पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

बोर्ड गेल्या पाडव्याला बदलला. वर मराठीत कंपनीचं नाव, खाली इंग्रजीत, त्याखाली सीआयएनचे एकवीस अक्षर-आकडे. पेंटरने सीआयएन दोनदा चुकवला, तिसऱ्या वेळी मी खाली उभी राहून एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि भाऊजींनी वर बघून टिक केलं.